भाऊजींच्या डाव्या खांद्याविषयी खुलासा

ती. भाऊजींना,

मेहुण्याचा जमेल तितका खाली वाकून नमस्कार. (डॉक्टरीणबाईंनी अजून फार वाकू नका म्हणून सांगितलं आहे. त्यामुळे हा नमस्कार मानेपासून वरचाच धरावा. बाकीचा शिल्लक आहे, तो समक्ष पुरा करीन.) आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. ताई बरी असेल, भाची लग्नाच्या खरेदीत बुडालेली असेल. तुमची प्रकृती कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. मुद्दाम विचारतो आहे, आणि त्यातही डाव्या खांद्याबद्दल. ताईने हिला फोनवर सगळं सांगितलं. तुम्ही म्हणे रोज सकाळी दाराच्या चौकटीला दहा मिनिटं लोंबकळता, पिशवी फक्त उजव्या हातात धरता, गेली चार वर्षं उशी न घेता झोपता. आणि लग्नात फोटोला उभा राहणार नाही, मुलीच्या फोटोत वाकडा बाप नको, असं तुम्ही परवा जेवताना म्हणालात. हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. त्या खांद्याबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे. पण त्याआधी डोळ्याचं सांगायला हवं, आणि डोळ्याचं सांगायचं तर बरंच मागे जायला हवं. मी लांबून वळसा घेऊन येतो आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाला वळसा लगेच कळतो.

तर डोळा. माझा डावा डोळा लहानपणापासून नावापुरताच आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. दुकान चाललं ते उजव्यावर. या उजव्याच्या बुबुळावर जी पारदर्शक काच असते, तिला कॉर्निया म्हणतात, ती आपली गोल असायला हवी. माझी पातळ होत होत शंकूसारखी पुढे आली होती. त्यामुळे सरळ रेघ मला वाकडी दिसायची, एका दिव्याचे तीन दिवे दिसायचे, आणि पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा असला की नुसता अंदाज. हे मी कोणाला सांगितलं नाही. शिंप्याने डोळ्याची तक्रार करायची म्हणजे दुकानाला आपणच कुलूप लावायचं. सुई मी बोटांनी ओवायचो, कापड मांडीवर ठेवून नखाने खूण करायचो, आणि गिऱ्हाईक आत आलं की कोण आहे ते चपलांच्या आवाजावरून ठरवायचो. (एकदा शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना मी 'या साहेब' म्हणालो. त्यांनी पायात मिस्टरांच्या चपला घातल्या होत्या, त्याला मी काय करणार.)

हिला संशय होता. शेवटी एक दिवस तिने मला धरूनच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आता हे लिहायला लाज वाटते, पण आज लाज बाजूला ठेवून लिहायचं ठरवलं आहे. आम्ही बाहेर बाकावर तासभर बसलो होतो. तपासणीच्या खोलीला पातळ फळीची भिंत होती, आणि आत प्रत्येक पेशंट तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. पाच-सहा जणांचं ऐकून मला सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत पाठ झाला. मग माझा नंबर आला. मी खुर्चीत बसलो, डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा झाकला, आणि मी न थांबता सातही ओळी खडाखड म्हणून दाखवल्या. शेवटची ओळ तर अगदी ऐटीत. बाई उठल्या आणि त्यांनी समोरचा पडदा सुरू केला. तोपर्यंत तिथे काळी काच होती. तक्ता लागलेलाच नव्हता. ही माझ्या शेजारी उभी होती. तिने कपाळाला हात लावला नाही, हसली नाही, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हिला माझी असली सोंगं नवीन नाहीत.

डॉक्टरीणबाई वयाने आपल्या भाचीहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. बोलणं नेमकं, हात त्याहून नेमके. त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मधला बिघडलेला गोल काढायचा आणि कोणीतरी मरणानंतर दान केलेल्या डोळ्यातला तसाच गोल तिथे बसवायचा. पूर्वी हे गोल पात्याने कापायचे, आता लेसरने कापतात. लेसरची गंमत अशी की त्याची कड सरळ उभी कापायची गरज नाही, पायरीपायरीची कापता येते. माझ्या डोळ्यात जशी पायरी, तशीच नेमकी उलटी पायरी त्या दान आलेल्या तुकड्याला. म्हणजे एकात एक अडकून बसतं, जखम लवकर सांधते आणि टाके लवकर काढता येतात. भाऊजी, हे ऐकल्यावर माझी भीतीच गेली. मी म्हटलं, म्हणजे बाही बसवण्यासारखंच झालं, मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोल, बरोबर कापला की अर्धं काम तिथेच होतं. बाई म्हणाल्या, हो, तसंच. पण त्या खोटं सांगणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी पुढे हेही सांगितलं की वर्ष-दोन वर्षांनी बघितलं तर हाताने कापलेला डोळा आणि लेसरने कापलेला डोळा यांच्या दिसण्यात फार फरक उरतोच असं नाही. शिवाय शरीराने परका तुकडा नाकारायचा धोका दोन्हीकडे सारखाच. आणि लेसर फक्त कापतो, टाके हातानेच घालावे लागतात. किती, म्हणून मी विचारलं. सोळा. कोणते? धावदोरा की सुटे? सुटे. मी मान डोलावली. मीसुद्धा सुटेच घातले असते.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र माझ्या जिभेने घात केला. डोळ्यात थेंब घालून तो बधिर केला होता, मी जागाच होतो. डोळ्यावर एक गोल कडं दाबून बसवलं आणि बाईंनी बजावलं की एक मिनिटभर हलायचं नाही, बोलायचं नाही. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती, आणि ती मशीन सुरू होता होता तोंडातून निघून गेली. मी विचारलं की नवा तुकडा आधी पाण्यात भिजवून घेतलाय ना, नंतर आटला तर चुण्या पडतील. कडं सुटलं. सगळं परत पहिल्यापासून लावावं लागलं. बाई एवढंच म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या दुकानात आले की मी गप्प बसेन, इथे तुम्ही बसा." पुढचं सगळं मी दातावर दात धरून काढलं. टाके घालायच्या वेळी त्यांनी डोळ्याच्या मागे सुई टोचून तो पुरता झोपवला, त्यामुळे एवढे सोळा टाके पडले आणि शिंपी असून मला एकही बघता आला नाही, ही खंत राहिली.

नंतरचे दिवस तुम्हाला ताईकडून कळलेच असतील. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी, दर दोन तासांनी थेंब, चोळायचं नाही, वजन उचलायचं नाही. पट्टी निघाली की लख्ख दिसेल असं मला वाटलं होतं, पण दिसलं ते दूध सांडल्यासारखं. बाई म्हणाल्या, धीर धरा, महिने लागतात. दोन महिन्यांनी जरा बरं दिसायला लागलं आणि मी पुन्हा शहाणपणा केला. बरं वाटतंय तर औषध कशाला, म्हणून थेंब सोडून दिले. हिने विचारलं की घातले म्हणून सांगायचो. (बाटली तशीच भरलेली राहू नये म्हणून चार थेंब मोरीत टाकायचो, हेही लिहून टाकतो.) दहा-बारा दिवसांत डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना, धुकं परत आलं. मी दोन दिवस तेही लपवलं. तिसऱ्या दिवशी हिने माझ्या गालावर हात ठेवून चेहरा उजेडाकडे वळवला आणि पुढच्या अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. शरीर तो तुकडा नाकारायला लागलं होतं. वेळेत आलात, बाई म्हणाल्या, अजून चार दिवस गेले असते तर हा गेला होता. मग तासातासाला थेंब. त्या आठवड्यात मी प्रथमच नीट विचार केला की हा तुकडा कोणाचा होता. ते कोणी सांगत नाहीत. पण कोणाच्या तरी घरात माणूस गेलेला असताना, रडारड चालू असताना, कोणीतरी उठून दानाच्या कागदावर सही केली. आणि मी ते मोरीत थेंब टाकून वाया घालवत होतो. भाऊजी, मला स्वतःचा इतका राग आधी कधी आला नव्हता. अर्थात पुढे दोन महिन्यांनी याहून जास्त आला, तेच आता सांगायचं आहे.

डोळा सावरला. चौथ्या महिन्यात बाईंनी दोन टाके काढले. एक टाका घट्ट बसला होता आणि डोळ्याची काच एका बाजूला ओढत होता, म्हणून मला अजून जरा तिरकं दिसत होतं. (टाका घट्ट बसला की कापड ओढतं हे मी त्यांना सांगायला गेलो, पण त्यांनी नुसतं बघितलं आणि मी तिथेच थांबलो.) टाके निघाले, नवा चष्मा लागला, आणि मी पाच महिन्यांनी पहिल्यांदा दुकानात पाऊल टाकलं. समोर दांडीवर तयार कपडे टांगलेले होते, त्यात माझे ऑपरेशनच्या आधीचे तीन कोट होते, अजून न नेलेले. मी एकेक उतरवून बघितला. शिवण सरळ. काज एका रेषेत. बाह्या सारख्या. माझी छाती फुगली. म्हटलं, बघा, डोळा नव्हता तरी हात सरळ चालला! इतक्या वर्षांची ही विद्या आहे! आणि त्याच ऐटीत मी भिंतीकडे वळलो.

भिंतीवर तुमचा फोटो आहे. तुमच्या कचेरीतल्या निरोपसमारंभाचा, मी शिवलेल्या राखाडी कोटातला. चार वर्षांपूर्वी मीच तो मोठा करून, चौकटीत घालून, गिऱ्हाइकांच्या समोर येईल असा लावला आहे. माझ्या कामाचा नमुना म्हणून. तो फोटो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. भाऊजी, त्या कोटाची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली आहे. डावी बाही मनगटाच्या पुढे आणि उजवी मनगटाच्या मागे. कॉलर मानेला एका बाजूने चिकटलेली आणि दुसऱ्या बाजूने रुसलेली. आणि त्या कोटाच्या आत तुम्ही उभे आहात, छान सरळ, ओळंब्यात. गिऱ्हाइकं त्या फोटोकडे बघून हसायची ते मला आठवलं. मी समजायचो की त्यांना काम आवडलं.

मी हिला हाक मारली. ही काजाच्या मशीनवर बसली होती. विचारलं, बाकीचे सगळे सरळ आणि हा एकच असा कसा? तिने दोरा तोडला, मशीन थांबवलं आणि खाली बघूनच म्हणाली, "बाकीचे तुम्ही दुपारी झोपलात की मी उसवून परत शिवायचे. हा शिवलात तेव्हा मी चार दिवस माहेरी होते, आणि कोट तुम्ही स्वतः नेऊन दिलात." अकरा वर्षं, भाऊजी. अकरा वर्षं मी सकाळी शिवायचो आणि ही दुपारी ते उसवायची. मी उठून चहा घेताना तयार कपड्यावर हात फिरवायचो आणि म्हणायचो, आज काम झकास झालं. आधी का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं, तर म्हणाली की सांगितलं असतं तर तुम्ही परत मशीनवर बसला असतात का? म्हणजे एवढ्या वर्षांत पूर्णपणे माझ्या एकट्याच्या हातचा असा एकच कोट बाहेर पडला, आणि तो तुमच्या अंगावर गेला.

इथपर्यंत मी आलो आहे, तर आता उरलेलंही सांगतो. हेच सगळ्यांत वाईट आहे. कोट वाकडा झाला ही डोळ्याची चूक. पण त्या समारंभात तुम्ही मला बाजूला घेऊन किती हळू विचारलं होतंत, "मास्तर, डावी बाजू जरा खाली वाटते का हो?" मी हळू उत्तर द्यायला हवं होतं. त्याऐवजी मी तुमच्या कचेरीतल्या चाळीस माणसांसमोर गळ्यातली टेप काढली, तुमच्या पाठीमागे उभा राहिलो, मान ते डावा खांदा, मान ते उजवा खांदा असं मोजलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की कोट अगदी बरोबर आहे, भाऊजींचा डावा खांदाच दोन बोटं उतरलेला आहे. लोक हसले. तुम्हीही हसलात. पण तुम्ही मोजमापावर विश्वास ठेवणारे. जन्मभर जे मोजलं तेच खरं मानलंत. टेपने सांगितलं म्हणजे झालं, म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवसापासून चौकटीला लोंबकळायला लागलात. भाऊजी, त्या टेपवरचे आकडे मला दिसत नव्हते. एकही दिसत नव्हता. मी आकडा वाचला नाही, नुसता सांगितला. माझी अब्रू झाकायला मी तुमचा खांदा उतरवला. तुमचा खांदा सरळ आहे. तेव्हाही होता. हे लिहिताना मला कुठे तोंड लपवू असं झालं आहे, पण चार वर्षं तुम्ही उशी न घेता झोपलात हे आठवलं की तेवढीही मुभा मला नको वाटते.

माफी मागायला कोणते शब्द वापरतात ते मला येत नाही. कधी मागितलीच नाही ना. ताईला नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुमचा मेहुणा
(यापुढे मास्तर म्हणू नका, हाताखालचा माणूस म्हटलंत तरी चालेल.)

ता. क. आज रात्री उशी घ्या.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र लिहिलं ते एका मागणीसाठी, ती वर लिहायचा धीर झाला नाही. लग्नाला तुमच्या कचेरीतले तेच लोक येणार आहेत असं कळलं. फोटोच्या आधी मला त्यांच्यासमोर दोन मिनिटं द्या. जे चाळीस जणांत बोललो ते चाळीस जणांतच परत घ्यायला हवं. मी सगळ्यांसमोर तुमचे खांदे पुन्हा मोजीन. टेप मी आणतो, पण आकडा तुमच्या कचेरीतलं कोणीतरी वाचू दे. मग तुम्ही भाचीच्या शेजारी, मधोमध उभं राहायचं. (लोकांना डोळ्याचं सगळं सांगीन. फक्त तक्त्याचं आणि मोरीचं तेवढं आपल्यातच असू द्या.)

ता. क. ३. सोबतच्या खोक्यात नवा कोट आहे. ताईने तुमचा एक जुना, दुकानातून तयार घेतलेला शर्ट तुम्हाला न सांगता हिच्याकडे पाठवला होता, त्यावरून माप घेतलं. दोन्ही खांदे सारखेच झिजलेले, सुतासारखे सरळ निघाले. कापला हिने, शिवला हिने, इस्त्रीही हिने केली. मी हात लावलेला नाही. नाही म्हणायला आतल्या खिशाचं एक बटण मी लावलं आहे. सुई डोळ्याने बघून ओवली. ते बटण हिने उसवून परत लावलेलं नाही, याची खात्री देतो. काल दुपारभर मी झोपलो नाही, जागा राहून बघत होतो. तरीपण घालण्यापूर्वी तुम्ही एकदा ओढून बघा.